ओवाळणीत मागितलेली जागा

प्रिय दिगू,

आज भाऊबीज. तुझ्या घरी यंदा सण नाही, वर्ष सरायचं आहे. माझ्या घरीही चूल रोजच्यासारखीच पेटली, भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास. पण सकाळी तुझा माधव येऊन गेला. उद्या मला त्याच्यासोबत तहसीलला जायचं आहे, सहीसाठी. जाण्याआधी तुझ्याशी बोलून घ्यावं म्हणून लिहायला बसले. तू होतास तेव्हा तुझ्याशी बोलायचं तर आधी तुझ्या पीएला विचारावं लागे, "साब फुरसतमध्ये हायेत का?" आता मध्ये कोणी नाही. एवढी एक सोय झाली बघ.

अक्षर वेडंवाकडं आहे, हसू नकोस. माझी शाळा म्हणजे तुझं दप्तर. तू संध्याकाळी अंगणात पाटीवर गिरवायचास आणि मी भाकरी थापता थापता बघायचे. मग कोळशानं भिंतीवर तेच काढायचे. आई ओरडायची, भिंत काळी केली म्हणून. तू म्हणायचास, "राहू दे वं आई, अक्का पास होते." मी कोणत्या परीक्षेत पास झाले ते मला आजवर कळलं नाही. पण वाचायला आलं. पेपरात तुझं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा ते मला कोणाकडून वाचून घ्यावं लागलं नाही.

आठवतं का, तू पहिल्यांदा एमेल्ये झालास आणि हैदराबादला शपथ घेतलीस? सगळा गाव आपल्या ओट्यावर टीव्हीपुढे बसला होता. तू तेलुगूत शपथ घेतलीस. आईनं मला विचारलं, "काय म्हणून राह्यला वं तो?" मी म्हटलं, "कोणाचं वाईट करणार नाही, कोणाले घाबरणार नाही, असं म्हणून राह्यला." खरं म्हणजे मलाही अर्धंच कळलं होतं. पण आईनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "मंग ठीक हाये. बोली कोणतीही असू दे."

तू चांगला होतास, दिगू. हे मी आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुला वाटेल अक्का नुसती उणी काढायला बसली. कापसाच्या यार्डात व्यापाऱ्यांनी कापूस ओला असल्याचं कारण काढून गाड्या अडवल्या, तेव्हा तू पांढऱ्या कपड्यांनिशी गाडीवानांच्या शेजारी मातीत बसलास, भाव सुटेपर्यंत उठला नाहीस. नार्नूरकडच्या त्या बाळंतिणीला स्वतःच्या गाडीत घालून आदिलाबादला पाठवलंस आणि तू मागून मोटारसायकलवर गेलास. मराठी शाळांना मास्तर मिळावे म्हणून सभागृहात उभा राहून भांडलास, लोक हसले तरी. हे सगळं लोक अजून सांगतात. मीही सांगते, कोणी विचारलं तर. न विचारता पण सांगते.

आणि धरण आणलंस. ते तर तुझ्या नावानंच ओळखतात. खालच्या गावांत आता दोन पिकं निघतात, उन्हाळ्यातसुद्धा शेतं हिरवी असतात. फक्त माझी बोरदरी पाण्याखाली गेली. कोणाचं तरी गाव जाणारच होतं, ते माझ्या सासरचं गेलं. यावर मी तुला कधी बोल लावला नाही. लावला का? गाव उठलं त्या दिवशी मी जात्याचा खुंटा उपटून घेतला आणि रडले, तेव्हा तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "अक्का, तुले माहेराजवळ आणून राह्यलो मी. आता काऊन रडून राह्यली?"

आणलंस खरं. नवी बोरदरी आपल्याच गावाच्या शिवेला लागून बसवलीस. मधे फक्त नाला. माझ्या अंगणातून आपल्या मारुतीचा कळस दिसतो. माहेर इतकं जवळ कोणाला मिळतं?

पण त्याआधीची गोष्ट तुला आठवते ना, अक्षय तृतीयेची? नव्या गावाचं भूमिपूजन होतं. कलश मांडला होता, आमच्या बायकांनी पुरणाचा स्वयंपाक केला होता. पुनर्वसनाचे साहेब कागद घेऊन उभे राहिले आणि नव्या गावात काय काय होणार ते वाचून दाखवलं. रस्ते, शाळा, पाण्याची टाकी, मारुतीचं देऊळ, समाजमंदिर. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "और कुछ रह गया क्या?"

राहिलं होतं. सगळ्यांना माहीत होतं काय राहिलं होतं. मसनवटी राहिली होती. पण शुभ दिवशी, कलशापुढे, अजून एक भिंत उभी नाही तर मढं जाळायच्या जागेचं नाव कोण काढेल? नव्या घरात पाऊल टाकायच्या आधी मरणाला हाक मारायची का? म्हाताऱ्यांनी खाली माती बघितली. माझ्या घरच्यांनी, तुझ्या भाऊजींनी, घसा साफ केला आणि पुन्हा गप्प बसले. बायका तर मागेच होत्या, पदराआड. आणि तू साहेबांच्या बाजूला उभा होतास. तू एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलंस. तुलाही कळलं होतं, मी तुझे डोळे बघितले. तू म्हणालास, "बस साहेब, सगळं आलं." टाळ्या झाल्या.

पुरण वाढताना मी तुला हळूच म्हटलं, "दिगू, मसनवटी राहून गेली." तू घास खाली ठेवलास.

"अक्का, आजच्या दिवशी तोंडातून असं काढू नये. होऊन जाते. माझ्या हातातलं काम हाये ते."

लोकांना आपली घरं बुडतात हे सोसलं, पण अशुभ बोलणं सोसलं नाही. अशी आपली माणसं. आणि कागद एकदा बंद झाला की बंद झाला. आजूबाजूची जमीन कोणाच्या ना कोणाच्या नावानं निघाली, वरचं रान जंगलखात्याचं.

पहिला गेला तानबा सुतार. ज्यानं नव्या गावातल्या सगळ्यांच्या चौकटी बसवल्या, तोच. आमची माणसं त्याला खांद्यावर घेऊन नाला ओलांडून आपल्या गावच्या मसनवटीकडे गेली. वाटलं, शेजार आहे, एमेल्येसाबचं गाव आहे, अक्काचं माहेर आहे. फाटकापाशी आपल्या गावची माणसं उभी होती. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं उभं राहणं. एक जण म्हणाला, "तुमच्या गावात कोण कोण हाये, आमाले का मालूम? आमची जागा आमाले पुरून नाही राह्यली." तिरडी खाली न ठेवता माणसं वळली. मग तानबाला धरणाच्या काठावर नेलं, जुन्या बोरदरीची मसनवटी उन्हाळ्यात उघडी पडते तिथं. आपल्याच जुन्या जागी गेला म्हणून त्याची बायको थोडी निवली. पण अस्थी वेचायला गेलो तर वरून पाणी सोडलेलं, काठ आत गेला होता. काय वेचायचं? ती पाण्याकडे बघत बसली. मी तिच्याजवळ बसले.

तुला सांगायला आले तेव्हा तुझ्या ओट्यावर माणसंच माणसं होती. तू मला आत घेतलंस, चहा पाजलास. म्हणालास, "अक्का, मी आपल्या गावाले सांगू शकतो. पण त्या गावाची मतं एकगठ्ठा हायेत. मढ्यासाठी मी जिवंत माणसं तोडू का?" मी म्हटलं, "मढं होण्याआधी ते पण जिवंतच होते." तू हसलास. मी हसले नव्हते.

मग बोरदरीच्या लोकांनी सवय करून घेतली. माणूस कशाचीही सवय करतो. उन्हाळ्यात धरणाचा काठ, पावसाळ्यात मोठ्या रस्त्याच्या कडेला, वरून पत्रा धरून. ट्रक जात राहतात. ड्रायव्हर हात जोडतात आणि जातात.

तुझे भाऊजी पावसाळ्यात गेले. झड लागली होती, नाला भरून वाहत होता. तू गाड्यांच्या रांगेनिशी आलास, माझ्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडलास. ते तुझं रडणं खरं होतं, त्यावर मी कधी शंका घेणार नाही. तेवढ्यात आपल्या गावातून माणसं आली, डोक्यावर पोती घेऊन भिजत. म्हणाली, "जावई हायेत गावचे. त्यायचं चालते. आना तिकडे, शेडमधी."

शेड. ते शेड तूच बांधलंस ना, तुझ्या निधीतून? आपल्या गावच्या मसनवटीत पत्र्याचं छत, बसायला बाक, हातपंप, लोखंडी फाटक. सुंदर काम. मेलेल्याला पाऊस लागू नये म्हणून एवढं केलंस.

मी विचारलं, "अन् तानबाचं काऊन नाही चाललं?"

तू म्हणालास, "अक्का, ही वेळ नाही."

मी म्हटलं, "हीच वेळ हाये. दुसरी वेळ तुमी कधी ठेवली?" आणि पोराला सांगितलं, बाबाला रस्त्याच्या कडेलाच न्यायचं, जिथं गावातले बाकीचे गेले तिथंच. नवऱ्याला ओल्या लाकडावर जाळायचं म्हणजे काय असतं, दिगू, ते मी इथं लिहिणार नाही. तू तिथं उभा होतास. तुला माहीत आहे. तूच पत्र्याचं एक टोक धरलं होतंस, तुझ्या माणसांनी घ्यायला हात पुढे केले तरी सोडलं नाहीस. मला वाटलं, आता तरी हा काही करेल.

त्या वर्षी भाऊबीजेला तू आलास. निवडणूक तोंडावर होती, सोबत माणसं, अंगणात गाड्या. मी पाट मांडला, निरांजन लावलं, सुपारी ठेवली. तू पाटावर बसलास, डोक्यावर रुमाल घेतलास. आणि ताट हातात घेऊन मी म्हटलं, "दिगू, यंदा साडी नको. ओवाळणीत मला आईचा नाल्याकाठचा तुकडा दे. बोरदरीच्या मसनवटीसाठी."

आईचा तुकडा म्हणजे कोणता, ते तुला सांगायला नको. नव्या बोरदरीच्या पाठीला लागलेला. तिथं मोहाच्या झाडाखाली आई आपल्याला फडक्यावर निजवून ज्वारी निंदायची. हुरडा तिथंच भाजायचो. आई गेल्यावर तो तिच्याच नावावर राहिला, विरासत करायला, वारसांची नावं चढवायला, तुला सवड झाली नाही आणि मला कोणी विचारलं नाही. आपल्यात बहीण काही मागत नाही. मागितलं की माहेर तुटतं. आयुष्यात मी तुझ्याकडे ते एकच मागितलं.

तू मान वर केली नाहीस. हळू आवाजात म्हणालास, "आईच्या शेतात मसनवटी? अक्का, गाव काय म्हनन? इलेक्शन होऊ दे. मंग पाहू."

मी ताट खाली ठेवलं. तुझ्यावरून नाही फिरवलं. निरांजन विझवलं नाही, भाऊबीजेचा दिवा बहीण विझवत नाही, देवापुढे नेऊन ठेवलं. आणि म्हटलं, "तुझं इलेक्शन झालं की ये. माझा दिवा इथंच हाये."

तू कोऱ्या कपाळानं उठलास. सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर तू पडलास, आणि लोक म्हणाले, अक्कानं ओवाळलं नाही म्हणून पडला. असं असतं तर राज्यातल्या बहिणींना विचारूनच मतमोजणी केली असती! तू पडलास कारण हवा फिरली होती. पण तुझ्या बायकोनं ते मनात धरलं. तूही धरलंस का? मला कधी कळलं नाही. तू पुन्हा आला नाहीस. दर भाऊबीजेला मी पाट मांडायचे आणि तसाच उचलून ठेवायचे.

मला पस्तावा नाही, दिगू. हे मी सरळ लिहिते. दुःख आहे, ते वेगळं. दोन्हीची गल्लत करून लोक मला समजवायला येतात. म्हणतात, भाऊ होता, करायचं होतं माफ. माफ तर मी तेव्हाच केलं होतं. ओवाळलं नव्हतं एवढंच.

मग तू आजारी पडलास. आधी आदिलाबाद, मग हैदराबादच्या दवाखान्यात. मला कोणी नेलं नाही. माधव फोन तुझ्या कानाला लावायचा आणि मी इकडून बोलायचे. तुझा श्वास ऐकू यायचा, शब्द नाही. एकदा तू "अक्का" म्हणालास, आणि पुढे बराच वेळ काही नाही. तुला काय म्हणायचं होतं? मी सगळा श्रावण तेच ऐकत राहिले.

तुला आणलं तेव्हा मोठ्या रस्त्यावर गाड्याच गाड्या. तुला आपल्या गावच्या मसनवटीत नेलं, तुझ्याच शेडखाली. सगळी नवी बोरदरी आली होती, बायामाणसं, म्हातारेकोतारे. तानबाची बायको सुद्धा, काठी टेकत. दिगू, त्या दिवशी फाटक सताड उघडं होतं. कोणी कोणाला अडवलं नाही. तरी बोरदरीची माणसं फाटकाबाहेरच थांबली. सवयीनं. आत हार, पुढारी, कॅमेरे. बाहेर ती माणसं, चपला हातात धरून. मी तुला शेवटचं बघितलं आणि बाहेर येऊन त्यांच्यात उभी राहिले. तुला अग्नी दिला तो मी फाटकाच्या गजातून पाहिला.

आणि दहाव्याला कावळा शिवेना.

नाल्यावर पिंड ठेवला. कावळे मोहावर बसले होते, आईच्याच मोहावर. बघत होते, खाली येत नव्हते. गुरुजी म्हणाले, मृताची काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या. माधव म्हणाला, "बाबा, तुमी सोडलेलं काम मी पूर्ण करतो, तिकीट भेटलं का निवडणूक लढवतो." कावळा हलला नाही. एका पुढाऱ्यानं तुझा पुतळा कबूल केला, चौकात, मोठा. दुसऱ्यानं धरणाला तुझं नाव. तिसरा सभागृहात शोकप्रस्ताव म्हणाला. मेलेल्या माणसापुढेसुद्धा सभाच झाली ती! कावळ्यांना मतदान नाही म्हणून बरं. सगळे थकले. गुरुजी घड्याळ बघायला लागले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, तुमी बोला. तुमची थोरली जागा हाये."

मला माहीत होतं काय बोलायचं. सगळ्यांनाच माहीत होतं, अक्षय तृतीयेसारखं. पण मी म्हटलं, "जे माझ्या हातात नाही त्याचा शब्द मी देत नाही. मेलेल्यालेही नाही."

गुरुजींनी मग दर्भाचा कावळा केला, त्यानं पिंडाला शिवलं आणि सगळे जेवायला गेले. मोहावरचे कावळे तसेच बसून होते.

आज सकाळी माधव आला. तुझ्यासारखाच उंबऱ्यावर चप्पल काढताना भिंतीला हात लावतो. म्हणाला, "आत्या, उद्या तहसीलले चाला. आजीच्या नावावरचा तुकडा विरासत करून टाकू, तुमी हक्कसोडावर सही करा. पक्षाचे लोक म्हणतात कागद साफ ठेवा." मग थांबून म्हणाला, "अन् आत्या, तुमचं पुढं मागं काही झालं तर काळजी करू नका. बाबाच्या बाजूलेच करू तुमचं. शेडमधी. मी गावाले सांगून ठेवलं."

चांगलं पोर आहे. मनापासून बोलला. मी त्याला चहा दिला आणि उद्या येते म्हटलं. पुढचं काही बोलले नाही. आधी तुला सांगायचं होतं.

तो गेल्यावर मी बराच वेळ अंगणात बसले. गुडघे आता बोलतात, दम लागतो. मी फार दिवसांची सोबती नाही. मला कुठं जाळतील हा प्रश्न मलाही पडतो, खोटं का बोलू? भावाच्या शेजारी, छताखाली, कोरड्या लाकडावर. कोणाला नको वाटेल? आणि मागून तानबाची बायको गेली तर तिला रस्त्यावर पत्र्याखाली. मग मी त्या पावसात तुझ्या भाऊजींना ओल्या लाकडावर ठेवलं ते कशासाठी?

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, दिगू. दहाव्याला जे माझ्या हातात नव्हतं ते माधवनं आज स्वतः आणून माझ्या हातात दिलं. तो सही मागायला आला. म्हणजे सही माझी आहे. आईचा अर्धा तुकडा माझा आहे. तू असेपर्यंत मी तो तुझ्याकडे मागत होते, बहिणीसारखी, ताट हातात धरून. मी कशाला मागत होते? मला बहीण व्हायचं होतं, म्हणून.

शेजारच्या सुना येऊन गेल्या आत्ता. दिवस मावळलाय, बीजेची कोर दिसायला लागली. म्हणाल्या, "अक्का, भाऊ नाही राह्यला का चंद्राले ओवाळतात. चाला." मी नाही म्हटलं. चंद्राकडे माझं काही अडलं नाही. ताट मी देवापुढेच ठेवलं आहे, तिथंच, दर वर्षीसारखं.

आता माझा शब्द ऐक. हा माझ्या हातातला आहे म्हणून देते.

उद्या मी तहसीलला जाईन. माधवला वाटेत सगळं सांगेन, तिथं कचेरीत चारचौघांत त्याचा पाणउतारा करणार नाही. त्याचा हिस्सा त्याच्या नावावर करू दे. माझा हिस्सा मी सोडणार नाही. बोरदरीकडचा, मोहासकट. तो मी गावाला लिहून देईन, मसनवटी म्हणून, तोच शब्द लिहायला लावून. कारकुनाला अशुभ वाटलं तर मी स्वतःच्या हातानं लिहीन, मला लिहिता येतं. माधव रागावेल. तुझी बायको दार लावून घेईल. आपलं गाव चार दिवस माझ्या नावानं थुंकेल. माहेर तुटेल, हे मला कळतं. तुटू दे. मरायच्या आधी एकदा तरी तुटायचंच होतं ते.

आणि तिथं जो पहिला जाईल, मी असेन, तानबाची बायको असेल, कोणी असेल, त्याच्या सरणाच्या आधी त्या मोहाखाली पाट मांडला जाईल. मी असले तर मी, नसले तर माझी सून. तिला सांगून ठेवलं आहे, तिनं विचारलं नाही का म्हणून. तुझं राहिलेलं ओवाळणं तिथं होईल, आईच्या जमिनीवर.

तू ये. गाड्या नकोत, माणसं नकोत. एकटा ये, लहानपणी यायचास तसा नाला ओलांडून. तुला कोणी अडवणार नाही. त्या जागेला मी फाटक लावू देणार नाही.

तुझी,
गिरजाअक्का
नवी बोरदरी